गेनू ओव्हाळांच्या कागदावरचा एक शब्द

मला एका जागी फार वेळ बसवत नाही. भाषांतराच्या धंद्यात ही मोठीच अडचण आहे, कारण हा धंदाच मुळी बैठकीचा. तीस वर्षं एका सरकारी कचेरीत भाषांतरकार होते आणि निवृत्त झाल्यावर शिवाजीनगरला, कोर्टाजवळ, एका वकीलबाईंच्या ऑफिसात कोपऱ्यातलं टेबल धरलं. एखादा शब्द अडला की मी उठते. खिडकीपर्यंत जाते, परत येते, जिन्यात जाते, खालच्या टपरीवर चहा सांगते आणि तो न पिताच वर येते. वकीलबाई म्हणतात, तुमच्या टेबलाला खुर्ची कशाला लागते तेच मला कळत नाही.

लोक विचारतात, आता हे सगळं मोबाईल करतो, मग तुमच्याकडे कोण येतं? येतात. मोबाईल भाषांतर करतो, पण त्याखाली सही करत नाही. माझं खरं काम शेवटच्या ओळीत असतं : 'वरील भाषांतर मूळ मजकुराबरहुकूम खरे आहे.' त्याखाली माझी सही आणि गोल शिक्का. कुणाला परदेशी जायचं असतं, कुणाच्या आजोबांचं खरेदीखत इंग्रजीत असतं, कुणाला वारसाचा दाखला हवा असतो. शिक्का मारला की त्या कागदातल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी माझी.

आमच्या कचेरीत एक पद्धत होती. शिक्का मारण्याआधी भाषांतर समोरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचं. कायद्यात असं काही नाही, आमच्या वरिष्ठांचा तो हट्ट होता. डोळा शब्दावरून घसरतो, कान अडतो, असं ते म्हणत. ही पद्धत मी अजून पाळते आणि तिच्यामुळे माझी पुष्कळ करमणूकही झाली आहे.

वारज्याचे एक जमीनदार गृहस्थ आजोबांचं जुनं खरेदीखत घेऊन आले होते. क्षेत्राच्या आकड्यापुढे इंग्रजीत 'मोअर ऑर लेस' लिहायची रीत आहे, ते मी 'अंदाजे, कमी-जास्त' असं केलं होतं. वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "बाई, त्यातलं कमी काढा. जास्त ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं, मूळ कागदात दोन्ही आहे. त्यावर ते बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. कमी लिहिणाऱ्या बाईचा यात काय फायदा असावा, याचा ते विचार करत असणार.

कोथरूडचे एक वडील मुलाचा शाळेचा दाखला इंग्रजीत करून घ्यायला आले. वर्तणुकीपुढे शिक्षकांनी लिहिलं होतं 'ठीक'. त्यांना त्याचं 'उत्कृष्ट' करून हवं होतं. पुण्यात एखाद्याला ठीक म्हणणं ही मोठीच स्तुती असते, हे मलाही मान्य आहे, पण परदेशातल्या कॉलेजाला ते कसं कळणार? मी 'ठीक'च ठेवलं. ते रागावून गेले आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या मुलाचा दाखला घेऊन परत आले.

अशी मी कडक. निदान माझी तशी समजूत होती. माझ्यात एक खोड मात्र पहिल्यापासून आहे. मला शब्दांची मुळं खणायला आवडतात. घरी जाडजूड इंग्रजी कोश आहेत, शब्द कुठून निघाला आणि कुठे पोचला ते सांगणारे. 'क्लार्क' हा शब्द मुळात धर्मगुरूंसाठी होता हे वाचल्यावर मी आठवडाभर कचेरीतल्या क्लार्कांकडे आदराने पाहिलं. त्यांच्यात काही फरक पडला नाही. आमचे वरिष्ठ मला बजावून सांगत, "शब्द कुठून आला ते घरी वाचा. कागदावर तो आज काय करतोय ते लिहा." मी हो म्हणायची आणि घरी जाऊन पुन्हा कोश उघडायची.

दोन-तीन वर्षांपूर्वी संघमित्रा ओव्हाळ माझ्याकडे आल्या. पन्नाशीच्या, सरकारी खात्यात अधिकारी, बोलणं मोजकं. प्लास्टिकच्या फोल्डरमधून त्यांनी चार घड्या पडलेला एक कागद काढला. घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या आणि त्याही पिवळ्या पडल्या होत्या. स्वातंत्र्याच्या आधीचा, छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसने दिलेला तो दाखला होता. कामावरून कमी करताना नोकराला देत तसला. त्यांच्या आजोबांचा.

त्यांनी सगळं नीट सांगितलं. वडील, अण्णा, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आता दोन्ही डोळ्यांची नजर गेलेली. विश्रांतवाडीत त्यांच्या वस्तीतल्या विहाराशेजारी स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका उभी राहत होती. अण्णांच्या पुढाकाराने ती झाली होती आणि तिला त्यांच्या वडिलांचं, गेनू ओव्हाळांचं नाव द्यायचं ठरलं होतं. दाराजवळच्या भिंतीवर हा कागद फ्रेम करून लावायचा आणि खाली त्याचं मराठी.

"आजोबांचा फोटो नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "त्यांच्याबद्दल जगात कुणी काही लिहिलं असेल तर ते एवढंच."

दीक्षा घेतल्यावर घरातलं पुष्कळ काही टाकून दिलं, पण हा कागद आजोबांनी ठेवला, कामाचा कागद आहे म्हणाले, असंही त्यांनी सांगितलं. आजोबांना वाचता येत नव्हतं. अण्णांना मराठी येत होतं, इंग्रजी जेमतेम, आणि आता तर दिसतच नव्हतं. लेकीने वरवर सांगितलेलं पुरत नव्हतं, कागदात नक्की काय आहे ते त्यांना मरायच्या आत मराठीतून ऐकायचं होतं. भाषांतरावर शिक्काही हवा होता, म्हणजे कुणी शंका घेणार नाही.

कागद पाच ओळींचा. गेनू, भिकूचा मुलगा, हा या मेसवर अमुक म्हणून बरीच वर्षं कामाला होता. वयामुळे त्याला कमी करण्यात येत आहे. तो प्रामाणिक आणि निर्व्यसनी आहे. बस. या 'अमुक'च्या जागी इंग्रजीत शब्द होता 'मीनियल'.

शब्द काही अवघड नाही. हलकी कामं करणारा, हलक्या दर्जाचा नोकर. जुन्या सरकारी कागदांत तो सर्रास येतो आणि मी तो आधी कितीतरी वेळा 'हलक्या कामावरील नोकर' असा केला होता, न उठता. या वेळी मात्र उठले. समोर ही बाई, स्वतः अधिकारी. तिच्या आजोबांच्या नावाची अभ्यासिका, आणि त्या अभ्यासिकेच्या दारात मी लिहिणार 'हलका'? खिडकीपर्यंत गेले, परत आले. त्यांना चार दिवसांनी या म्हणून सांगितलं. पाच ओळींना चार दिवस म्हटल्यावर वकीलबाईंनी भुवया उंचावल्या.

घरी कोश उघडला आणि मला अगदी घबाड सापडलं. 'मीनियल' मुळात शिवी नव्हेच. जुन्या फ्रेंचमधून आलेला, घरातल्या मंडळींसाठीचा शब्द. सरदाराच्या छपराखाली राहणारी सगळी माणसं त्यात येत. आचारी, कारकून, पहारेकरी, सगळा गोतावळा. ज्या मुळापासून श्रीमंतांच्या वाड्याला 'मॅन्शन' म्हणतात, त्याच मुळाचा हा शब्द. एकाच आईची दोन लेकरं. एक चढत गेलं आणि दुसरं शतकानुशतकं घसरत तळाला पोचलं. त्या संध्याकाळी मी दोन बसथांब्यांचं अंतर उगाचच चालून आले, इतका आनंद झाला होता. त्या शब्दाला मी त्याचं मूळचं घर परत देणार होते.

मी लिहिलं : 'या मेसच्या घर-परिवारातील सेवक'.

संघमित्राताई आल्यावर पद्धतीप्रमाणे वाचून दाखवलं. त्या शब्दापाशी त्या थांबल्या. मूळ कागदात असंच आहे का, असं विचारलं. मी त्यांना फ्रेंच, लॅटिन, सरदार, छप्पर, सगळं सांगितलं. उभी राहून सांगितलं बहुधा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असं आहे होय." सरकारी अधिकारी असं म्हणतो तेव्हा फाईल पुन्हा उघडणार असते, हे मला तीस वर्षांच्या नोकरीनंतर तरी कळायला हवं होतं. मी शिक्का मारला.

आठवडाभरात त्यांचा फोन आला. अण्णांना तुम्हाला भेटायचंय, ते येऊ शकत नाहीत, तुम्ही याल का? मला वाटलं, आभार मानायचे असतील. खोटं कशाला सांगू, मी चांगली साडी नेसले.

माझ्या कोथरूडच्या घरून विश्रांतवाडी म्हणजे गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. दुसऱ्या मजल्यावरचं घर, स्वच्छ, पुस्तकांनी भरलेलं. अण्णा खिडकीजवळ खुर्चीत ताठ बसले होते. काटक बांधा, फिटरचे हात. त्यांनी मला बसायला सांगितलं, लेकीला पाणी आणायला सांगितलं, आणि मग म्हणाले, तुम्हीच वाचा, तुमच्या तोंडून ऐकायचंय.

मी वाचलं. त्या शब्दाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

"परिवारातला म्हणजे? घरातला?"

मी पुन्हा सरदार आणि छप्पर सुरू केलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. सगळं झाल्यावर, जराही आवाज न चढवता, ते बोलू लागले. लहानपणी ते बापाची भाकरी घेऊन त्या मेसवर जायचे. बाप अंगण झाडायचा, मोऱ्या-गटारं साफ करायचा, खरकटं उचलून लांब नेऊन टाकायचा, स्वयंपाकघरासाठी लाकडं फोडायचा. फोडलेली लाकडं मागच्या दाराबाहेर रचायची आणि लांब व्हायचं, मग आचारी येऊन आत घ्यायचा. तहान लागली तर ओंजळ पुढे करायची.

"साहेबाचं सोडा, तो परका," अण्णा म्हणाले. "आचारी तर इथलाच होता. तो वरून पाणी ओतायचा. माझा बाप त्या घराचा उंबरा चढला नाही, बाई. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. भाकरी भिंतीबाहेर लिंबाखाली बसून खायचा. मी बघितलंय."

मी हातातली प्रत मांडीवर ठेवली.

"तुमचा शब्द चांगला आहे," ते म्हणाले. "तुमचं मनही चांगलं असंल. पण तुम्ही माझ्या बापाला आत घेतलंत. त्यांनी घेतलं नव्हतं. त्यांचं तुम्ही कशाला झाकता?"

संघमित्राताई जिन्यापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "मलाही तो शब्द आवडला होता, मॅडम. म्हणून मी तेव्हा बोलले नाही." त्यांनी हे सांगायची गरज नव्हती. सांगितलं, आणि मला आणखीच ओशाळं वाटलं.

परतताना बसमधून दोन थांबे आधीच उतरले, का ते आठवत नाही. पुढचे काही दिवस वाईट गेले. दुसरं कुठलंही काम धड होईना. एका लग्नाच्या दाखल्यावर तारीख चुकवली, जेवताना मध्येच ताटावरून उठले, आणि सकाळी फिरायला गेले की कुठे वळायचं होतं ते विसरून पुढेच जात राहिले. चूक कुणाकडून होत नाही? पण ही चूक अडाण्याची नव्हती. अर्थ मला माहीत होता. शिक्का मारताना मला तो पक्का माहीत होता. मी मुळाच्या आडोशाने खोटं लिहिलं होतं आणि वर 'खरे आहे' म्हणून सही केली होती.

आणि ते कुणासाठी? संघमित्राताईंना वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तो शब्द मोठ्याने वाचायची लाज मला वाटत होती. मेसच्या दारात आतल्या बाजूने उभ्या असलेल्या माणसासारखी माझी स्थिती होती, आणि तिथे उभी असलेली मी कुणाला दिसायला नको होते.

मग एक नको ते केलं. दिलेल्या प्रत्येक भाषांतराची एक प्रत मी खोक्यांत ठेवते. ती खोकी काढून बसले आणि आणखी कुठे अशी साखर पेरली आहे ते शोधू लागले. सापडलं. नवऱ्याने टाकून दिलेल्या एका बाईच्या इंग्रजी कागदात स्पष्ट शब्दांत तसं लिहिलेलं होतं, आणि मी मराठीत लिहिलं होतं 'विभक्त राहणारी'. बाई समोर बसली होती, म्हणून. तिने वाचन ऐकून मान डोलावली होती. ती कशाला डोलावली, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारायला ती कुठे सापडणार? त्या मऊ शब्दामागे तिचा नवरा मात्र आरामात लपला असणार. त्यानंतरची खोकी मी उघडली नाहीत. तेवढं धैर्य नव्हतं.

दिलेलं भाषांतर चुकलं तर दुरुस्त प्रत काढायची, तिच्यावर 'आधीची प्रत रद्द' असं लिहायचं आणि आधीची परत घेऊन फाडून टाकायची, अशी रीत आहे. इतक्या वर्षांत ती वेळ माझ्यावर आली नव्हती. मी नवी प्रत केली. त्या शब्दाच्या जागी लिहिलं 'हलक्या कामावरील नोकर'. अभ्यासिकेचं उद्घाटन चार दिवसांवर आलं होतं. फोन न करताच विश्रांतवाडीला गेले, या वेळी घरच्याच साडीत.

अण्णांना वाचून दाखवलं. 'हलक्या' म्हणताना माझा आवाज खाली गेला असावा, कारण त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. वाचली.

"हां. हे त्यांनी लिहिलंय," ते म्हणाले. "आता खाली माझं लिहून घ्या."

मी म्हटलं, मूळ कागदात नसलेलं मला भाषांतरात घालता येणार नाही. ते म्हणाले, भाषांतरात नकोच, वेगळ्या कागदावर घ्या. मी कागद घेतला. त्यांनी सावकाश सांगितलं आणि मी ते तसंच लिहिलं : 'माझे वडील गेनू भिकू ओव्हाळ. मेसची मोरी, गटार, अंगण साफ ठेवीत. ते काम हलकं नव्हतं, ते दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं म्हणून त्यांच्याकडे होतं. मेसमध्ये त्यांना कुणी आत घेतलं नाही. त्यांनी मला शाळेत घातलं.' एकदोन ठिकाणी वाक्य सरळ करावं म्हणून माझा हात शिवशिवला. केलं नाही. अण्णांनी खाली सही केली. लेकीने बोट जागेवर टेकवून दिलं आणि त्यांनी सराईत फिटरसारखी एका झटक्यात ओढली.

मग मी आधीची प्रत मागितली. फाडायची असते, म्हटलं.

"नको," अण्णा म्हणाले. "ती पण लावायची. दोन्ही शेजारी शेजारी, आणि खाली माझं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. संघमित्राताईच म्हणाल्या, "अण्णा, त्यावर मॅडमचं नाव आहे, शिक्का आहे. रोज शंभर पोरं बघतील."

"म्हणून तर. पोरांना कळू दे, खोटं किती गोड लिहिता येतं. उद्या तीच साहेब होऊन कागद लिहिणार आहेत."

मी पुष्कळ विनवण्या केल्या. माझ्या वयाचा, नोकरीचा, धंद्यातल्या अब्रूचा दाखला दिला. म्हटलं, ही माझी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक, ती तुम्ही भिंतीवर टांगणार? मला तिथे तोंड दाखवायची लाज वाटेल. बोलता बोलता मी खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले होते. अण्णांना ते पावलांवरून कळलं असावं. माझा आवाज जिकडून आला त्या बाजूला त्यांनी चेहरा वळवला.

"लाज कसली? तुम्ही चुकलात आणि परत आलात. माझा बाप इतकी वर्षं त्या भिंतीबाहेर बसला. आत होते त्यांच्यातलं कोणी परत आलं नाही, चुकलो म्हणून सांगायला."

मी परत येऊन बसले. संघमित्राताईंनी दोन्ही प्रती माझ्यासमोर ठेवल्या आणि पेन दिलं. चुकीच्या प्रतीवर, शिक्क्याच्या खाली, मी लिहिलं : 'हे भाषांतर खरे नाही. मला माहीत होते.' आणि पूर्ण नाव लिहून सही केली.